पहिल्या धारेची करटी

खडपवाडीचा व्हाळ फाल्गुनात इतका रोडावतो की कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जाते. पण सरकारदरबारी या ओढ्याचा तोरा मोठा आहे. अलीकडे महाराष्ट्र, दोडामार्ग तालुका, पलीकडे गोवा. गुरुदासचं घर अलीकडे आणि काजूची दारू गाळायची भाटी पलीकडे, त्यामुळे हा गृहस्थ लुंगी वर खोचून दिवसातून दहा वेळा राज्य बदलायचा. भाटी पलीकडे होती म्हणूनच रीतसर परवान्याची होती, आणि परवाना तिथल्या जमीनवाल्याच्या नावावर होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दारूची गोष्ट म्हटली की ऐकणारा पहिल्यांदा पोलीस कुठे आहे ते शोधतो. या गोष्टीत पोलीस नाही. असता तर फार बरं झालं असतं, असं गुरुदासला नऊ वर्षं वाटत आलं होतं.

दोन हजार आठ साली हंगाम उजाडला तेव्हा भाटीवर जत्रा लोटायची आता सवयच झाली होती. म्हापशाच्या गाड्या, पुण्याच्या गाड्या, मागच्या साली तर भाड्याच्या मोटरसायकलवरून एक गोरं जोडपं येऊन दोन दिवस व्हाळाकाठी राहिलं होतं. बोंडू, म्हणजे काजूचं पिकलेलं फळ, माणसं पायांनी तुडवताना बघून शहरातल्या बायका आधी नाक मुरडायच्या. मग तीन दिवसांमागे तुडवलेला रस आंबून, तापून, नळीच्या तोंडाशी टिपकायला लागला की त्याच बायका पेला घेऊन पुढे सरसावायच्या. दुकानात बाटली मिळत नव्हती का? मिळत होती, चकचकीत झाकण लावलेली. पण दुकानातल्या बाटलीला गाव नसतं. इथे लाकडं पेटलेली दिसतात, रसाचं तांब्याचं भाण धुरकटलेलं दिसतं, करणारा माणूस उघडाबंब समोर बसून घाम पुसताना दिसतो. आपल्या तोंडात काय जातं आणि ते कोणी केलं, हे एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं की शहरातला माणूस हळवा होतो आणि दोन पेले जास्त पितो.

हा सगळा लौकिक आणला तो सॅविओने. सॅविओ म्हापशाचा, समुद्राकडे त्याची दोन हॉटेलं. भाटीचा सगळा माल तोच उचलायचा, बाटल्यांत भरायचा आणि वर एक देखणी चिठ्ठी चिकटवायचा. चिठ्ठीवर व्हाळाकाठच्या काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं, झाड काढलेलं होतं आणि खाली नाव, 'पहिली धार'. नाव चाललं, कारण पहिल्या धारेची म्हणजे नळीला येणारी अगदी पहिली, सगळ्यांत कडक, हे कोणाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे तर शिवीसुद्धा कोणी मनापासून दिली की पहिल्या धारेची म्हणून तिचं कौतुक होतं.

गुरुदासच्या घरी फळीवर अशी एक बाटली होती. तिचं तोंड तो भिंतीकडे फिरवून ठेवायचा. वहिनी झाडताना ती पुन्हा सरळ करून ठेवायची. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

वहिनी म्हणजे तुळसा, थोरल्या भावाची, बाबलीची बायको. बाबली जाऊन नऊ वर्षं झाली होती. गुरुदासचं लग्न राहून गेलं ते गेलंच, त्यामुळे घरात तिघंच, तो, तुळसा आणि तिचा मुलगा किरण. किरण तेविसाचा. रोज मोटरसायकलने गोव्यात एका हॉटेलात नोकरीला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा.

आता एक गोष्ट सांगायची, जी तेव्हा गुरुदासखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती. त्याला दारू लागत नसे. चढत नसे असं नव्हे. जिभेलाच लागत नसे. ज्या फेणीने पुण्याच्या इंजिनियरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ती गुरुदासने तोंडात घेतली की विहिरीचं पाणी. एकदा गाळलेली हुर्राक, दोनदा गाळलेली फेणी, या सालची, गेल्या सालची, सगळं पाणी. गावात सगळ्यांत नामांकित भाटी ज्याची, त्याचीच जीभ मेलेली. बाटली हलवायची, वर बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते ते बघायचं, आणि त्यावरून कडकपणाचा अंदाज करायचा, एवढं त्याला जमे. पण चव बुडबुड्यांत दिसत नाही. मग तो हाक मारायचा, "वयनी, जरा बघ गो."

तुळसा यायची. करटीत, म्हणजे नारळाच्या करवंटीत, थोडी घ्यायची, जिभेवर धरायची आणि सांगायची, "भावोजी, ह्येका अजून आंच व्हयी," किंवा "ही बरी जमली." एवढंच बोलून परत व्हाळ ओलांडून घरी. नऊ वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही की भावोजी, तुमचं तोंड कुठे गेलं?

आणि दुसरी गोष्ट. भाण तापलं की नळीतून पहिला थेंब पडायच्या आधी आत वाफ अडकून घुर्रर्र असा आवाज होतो. सगळ्या भाट्यांत होतो. पण गुरुदासला तो आवाज ऐकू येत नसे. त्या जागी त्याला बाबलीचं खाकरणं ऐकू यायचं. बाबलीला सवय होती, पहिला थेंब पडायच्या आधी तो नळीशी उकिडवा बसून घसा साफ करायचा, मोठ्या माणसाला सामोरं जाताना करतात तसा. नऊ हंगाम गुरुदास चुलीपाशी बसत होता आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागे, हातभर अंतरावर, भाऊ खाकरत होता. मागे वळून बघायचं त्याने पहिल्याच वर्षी सोडून दिलं.

याचं मूळ एकोणीसशे नव्याण्णव सालच्या हंगामात होतं.

तेव्हा भाटीला नाव नव्हतं. त्या खोऱ्यात अशा चार भाट्या होत्या आणि चारींचीही हुर्राक शेजारपाजारचीच माणसं प्यायची. पण बाबलीचं नाक म्हणजे नाक होतं. बोंडू कुठल्या डोंगराच्या अंगाचे, हे तो आंबलेल्या रसाचं मडकं हुंगून सांगायचा, आणि त्यात चूक निघाल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. रिवाजालाही तो तसाच पक्का. हंगामाचं पहिलं भाण लागलं की पहिल्या धारेची पहिली करटी कोणी तोंडाला लावायची नाही. ती राखणदाराची, जागेची राखण करणाऱ्या देवाची. राखणदार राहतो काजऱ्याच्या झाडाखाली, आणि काजरा व्हाळाच्या अलीकडे, महाराष्ट्रात. म्हणजे दर साली एक करटी दारू विनापरवाना सीमेपार जायची. बाबली हसून म्हणायचा, "राखणदाराक कोण पकडतलो? तेचोच तर पहारो."

त्या दिवशी पहिली करटी भरून झाली होती. ती दगडावर ठेवून, वर फणसाचं पान झाकून बाबली आंघोळीला घरी गेला होता, कारण पारोशाने देवाला गाऱ्हाणं घालायचं नसतं. तेवढ्यात सॅविओ आला. तेव्हा तो कोवळा होता, हॉटेल नवं काढलेलं, गाडी रस्त्यावर चालू ठेवून तो भाट्यांमागून भाट्या चाखत निघाला होता.

"पयले धारेची आसा?" त्याने विचारलं.

"आसा, पण ती राखणदाराची."

सॅविओ हसला. "ताका उपरांत दी रे. हांव आतां वतां, परत येवचों ना."

परत येणार नाही, हा एक शब्द गुरुदासच्या काळजात घुसला. चार भाट्यांतली ही शेवटची. या माणसाला बाबलीच्या हातची पहिली धार कळली तर घराचं सोनं होईल, आणि नाही कळली तर आयुष्यभर शेजाऱ्यांवरच बोळवण. गुरुदासने पान उचललं आणि करटी त्याच्या हातात दिली.

सॅविओ प्यायला. डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "हें कितें रे! इतले दीस खंय लिपयल्लें?" इतके दिवस हे कुठे लपवलं होतं, असं विचारत त्याने सबंध हंगामाचा माल तिथल्या तिथे ठरवला.

तो गाडीकडे वळला आणि त्याच वेळी व्हाळाच्या बाजूने बाबलीचं खाकरणं आलं. गुरुदासच्या हातात रिकामी करटी. नळीखालच्या मडक्यातून भरून घ्यायला चार पावलं जावं लागलं असतं, आणि बाबली ओल्या केसांनी झाडीतून दिसायला लागला होता. नळी थंड करायच्या पाण्याची टाकी मात्र हाताशी होती. गुरुदासने करटी त्या टाकीत बुडवली, दगडावर ठेवली आणि पान झाकलं. दारूही पाण्यासारखी दिसते आणि पाणीही पाण्यासारखंच दिसतं. देव काय, पिणार थोडाच, असं त्याच्या मनात आलं. माणूस चोरी करताना देवाला दगड समजतो आणि नंतर घाबरताना मात्र त्याला हजार डोळे देतो.

काजऱ्याखाली वाडीची दहा-बारा माणसं जमली. बाबलीने करटी दगडापुढे ठेवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा राखणदारा, व्हाळाच्या अल्याड-पल्याडच्या धन्या! वर्साची पयली धार तुझ्या पायाशी ठेवलली आसा. ती मानून घी, आनि चुलीर, भाणार, बोंडू वेचतल्या पोराबाळांर नदर ठेव."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मग त्याने करटीत बोटं बुडवून दगडाभोवती पाच वेळा शिंतोडे उडवले, जरासा थांबला, आणि रिवाजाचं शेवटचं वाक्य म्हणाला. "ह्या करटीत काय खोट आसात, तर ती माझ्या माथ्यार. दुसऱ्या कोणाक विचारू नको."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गुरुदासही म्हणाला. हे त्याला पुढे कधी विसरता आलं नाही. तो गप्प राहू शकला असता, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाला.

चौथ्या दिवशी भर दुपारी बाबली व्हाळाकाठी बसलेला सापडला. बसलेला, पडलेला नव्हे. एका खडकाला टेकून, उजव्या हाताची ओंजळ पाण्यात, पाणी प्यायला वाकावं तशी. डॉक्टर म्हणाला, काळीज थांबलं. बेचाळीस वर्षांचं काळीज का थांबलं, हे डॉक्टरने सांगितलं नाही आणि गुरुदासने विचारलं नाही. तेराव्यानंतर त्याने भाटी पुन्हा पेटवली आणि पहिला घोट चाखला. पाणी.

पुढची आठ वर्षं गाऱ्हाणं गुरुदासने घातलं. करटी खरी भरायचा, काठोकाठ. पण शेवटचं वाक्य गाळायचा. जमलेल्यांना वाटे, भावाच्या आठवणीने याचा गळा भरून येतो. त्यामुळे कोणी टोकलं नाही, उलट त्याची माया मोठी म्हणून गावात बोलबाला झाला.

आणि आता या साली, पहिलं भाण लागायला तीन दिवस असताना, गुरुदास मागीलदारी लाकडं फोडत होता आणि आतून किरणचा आवाज आला. पाठ केल्यासारखा. "बा राखणदारा, व्हाळाच्या अल्याड-पल्याडच्या धन्या..." एकेक शब्द बाबलीचा. आणि शेवटी, न अडखळता, "खोट आसात, तर ती माझ्या माथ्यार."

गुरुदासची कुऱ्हाड लाकडातच राहिली.

"ह्या वर्सापासून गाऱ्हाणा किरण घालतलो," तुळसा दारात येऊन म्हणाली. "बापाचो मान आसा. तुमी खूप केलात, भावोजी."

तिचं बरोबर होतं. मान मुलाचाच. चुलता काय, मधल्या काळापुरता. गुरुदासने मान हलवली आणि संध्याकाळी किरणला गोठ्याशी एकटा गाठला.

"किरण, ता शेवटचा वाक्य नको म्हणूस."

"कित्याक?"

"लांब होता. मी खंय म्हणतंय?"

"आवशीन सांगल्यान तसा म्हणतलंय, काका. बाबा म्हणी ना?"

"म्हणी. म्हणानच सांगतंय," एवढं त्याच्या तोंडून निघून गेलं. किरण त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग काकाला भावाची आठवण आली असं समजून त्याने खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने गुरुदास आतून करपला. चौथा दिवस त्याला आत्ताच दिसत होता: तोच खडक, तीच ओंजळ, फक्त हात तरुण. जुनी खोट मिटली नव्हती. नऊ वर्षं ती विचारणा करायला माणूस शोधत होती आणि या पोराने आपणहून 'माझ्या माथ्यार' म्हणायचं ठरवलं होतं.

सांगून टाकावं? कोणाला? तुळसाला? तुझ्या नवऱ्याला मी मारलं, असं जेवण वाढणाऱ्या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं?

माणूस फसतो तेव्हा आधी देवाशी परस्पर मिटवून बघतो. गुरुदासने तेच केलं. आदल्या दिवशी भर दुपारी, पाखरूही हलत नाही अशा वेळी, तो गेल्या सालची कडक फेणी करटीत घेऊन काजऱ्याखाली गेला. वास्तविक या वेळेला कोणी तिथे जात नाही. दुपारी बारा ही राखणदाराची फिरायची वेळ. पण गुरुदासला तोच हवा होता.

"घी," तो दगडाला म्हणाला. "तेवाची आनि आताची. सगळी घी, आनि मिटव. पोराक सोड."

काजऱ्याची नारिंगी फळं खाली पडली होती. त्यांना कोणी हात लावत नाही, विषारी असतात. गुरुदास उभा राहिला. किती वेळ, त्याला कळलं नाही. मग त्याने करटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. विहिरीचं पाणी. कोमट, त्या टाकीतल्यासारखं.

आणि मागे व्हाळाच्या अंगाला कोणी तरी खाकरलं. इथे नळी नव्हती, भाण नव्हतं, वाफ नव्हती. गुरुदास पन्नाशीला आलेला माणूस, पण असा धावला की एक वहाण तिथेच राहिली.

संध्याकाळी तो अनवाणीच चुलीकडे गेला. परत आला तेव्हा दुसरी वहाण पहिलीशेजारी दारात लावून ठेवलेली होती. तुळसा तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिलं भाण सकाळी लागलं. सॅविओ चार पाहुणे घेऊन आला होता; आता पोट सुटलेला, केसांत पांढरं. पाहुण्यांना सगळ्याचंच अप्रूप. राखणदाराची करटी म्हटल्यावर तर त्यांना आनंदाचं भरतं आलं. अशी कथा चिठ्ठीवर छापायलाच हवी, असं त्यातली एक बाई म्हणाली. नळी वाजायच्या वेळी गुरुदासने कानांवर हात ठेवले. तरीही बोटांच्या फटींतून बाबली खाकरला.

पहिली धार तुळसाने स्वतः करटीत धरली. वर फणसाचं पान झाकलं, किरणच्या हातात दिली, आणि सगळे व्हाळ ओलांडून काजऱ्याखाली आले.

किरण आंघोळ करून आला होता. ओले केस, उघडं अंग, खांद्यावर पंचा. पाठमोरा तर बाबलीच. त्याने करटी ठेवली आणि खणखणीत सुरुवात केली. "बा राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

किरणने बोटं बुडवली आणि पाच वेळा शिंतोडे उडवले. त्यातला एक थेंब गुरुदासच्या पायावर पडला. पोराने श्वास घेतला.

"ह्या करटीत काय खोट..."

"थांब!"

आवाज आपलाच आहे हे गुरुदासला उशिरा कळलं. तो पुढे गेला, किरणला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि स्वतः दगडापुढे उभा राहिला. किरण "काका?" म्हणाला. पाहुण्यांना वाटलं, रिवाजातलाच भाग असेल. एकाने कॅमेरा वर केला.

"नऊ वर्सांमागे ह्या जागेर करटी ठेवलेली, तेच्यात पाणी हुता," गुरुदास म्हणाला. "टाकीतला. मी घातलंय. पयली धार मी ह्या सॅविओक पाजलंय. बाबल्याक म्हायत नाय हुता. तेणे माथ्यार घेतल्यान आनि गेलो. मी व्हय म्हाराजा म्हटलंय."

सॅविओने डोक्यावरची टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून तो जमिनीकडे बघत राहिला.

गुरुदासने हात जोडले. "बा राखणदारा, तेवाची खोट माझ्या माथ्यार. माका विचार. दुसऱ्या कोणाक विचारू नको."

आता सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. पण म्हणणार कोण? म्हटलं तर समोरच्या माणसाला आपल्या तोंडाने मरण मागितल्यासारखं, आणि न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. काजऱ्याचं एक फळ टपकन खाली पडलं.

"व्हय म्हाराजा," तुळसा म्हणाली.

बायका गाऱ्हाण्याला जाब देत नाहीत. खडपवाडीत तोपर्यंत कोणी दिला नव्हता. ती मागे उभी होती, तिथूनच, ना रडून ना ओरडून, भाजीत मीठ आहे असं सांगावं तसं म्हणाली. आणि वळून व्हाळाकडे चालायला लागली.

गुरुदास तिच्या मागे गेला. बाबली सापडला होता त्या खडकाशी त्याने तिला गाठलं.

"वयनी..."

"तेका म्हायत हुता," तुळसा म्हणाली.

गुरुदासला समजलं नाही.

"मडक्याचो वास घेऊन डोंगर सांगणारो माणूस. तेच्या बोटांक पाणी आनि दारू कळाची नाय?" ती त्याच्याकडे न बघता व्हाळाकडे बघत होती. "त्या दिवशी घरी इलो, आपली बोटां हुंगल्यान आनि हसलो. म्हणालो, गुरग्यान देवाक पाणी पाजल्यान गो. मी म्हटलंय, मगे थयच कित्याक नाय बोललास? तर म्हणता, चार माणसांत भावाचा नाक कापू? माझ्या माथ्यार म्हटलंय, भागला."

शिंतोडे उडवून बाबली जरासा थांबला होता. तो थांबलेला क्षण गुरुदासला आठवला. नऊ वर्षं तो आठवणीत होता आणि नऊ वर्षं गुरुदासने त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. बाबली थांबला होता, समजला होता, आणि मग त्याने ते वाक्य म्हटलं होतं.

"तुका म्हायत हुता, वयनी? इतकी वर्सां?"

"मी वाट बघलंय. आज सांगतलो, उद्या सांगतलो. तू माका चाखाक बोलवलंस. मी येय, चाखून सांगी आनि तुझ्या तोंडाकडे बघी. तुका लागणा नाय, ता माका पयल्या वर्साकच कळलेला." ती त्याला भावोजी म्हणत नव्हती, तुमी म्हणत नव्हती. "मगे पोराक उभो केलंय."

"आनि मी गप रवलंय आसतंय तर?"

"करटी मी भरलेली, गुरुदास. माझ्या पोराच्या हातात मी खोट देयन?" ती व्हाळात उतरली. पाणी तिच्या घोट्यालाही लागलं नाही. "जा आता. भाण चुलीर आसा. आजपासून तुझी तू चाख."

ती पलीकडे भाटीवर गेली नाही. कडेकडेने वर जाऊन घराच्या वाटेला लागली. गुरुदास रडला. मोठ्याने, लाज न बाळगता, लहानपणी बाबली एकट्याला टाकून पोहायला गेल्यावर रडायचा तसा.

भाटीवर पाहुणे नव्हते, सॅविओ त्यांना घेऊन निघून गेला होता. किरण चुलीपाशी बसून लाकूड सारत होता. पहिलं भाण रिकामं करून त्याने दुसरं लावलं होतं. त्याने काकाकडे बघितलं नाही, पण उठूनही गेला नाही. गुरुदास नेहमीच्या जागी उकिडवा बसला.

भाण तापलं. नळी थरथरली. गुरुदासने मान खाली घातली आणि पाठीत काटा यायची वाट बघितली.

घुर्रर्र, अशी नळी वाजली. वाफ अडकते तसा आवाज. मग पहिला थेंब पडला.

त्याने मागे वळून बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिथे लाकडांचा ढीग होता आणि त्यावर ऊन पडलं होतं.

किरणने करटी भरली आणि पुढे केली. गुरुदासने घोट घेतला. जीभ पेटली, घसा पेटला, नाकात बोंडूचा वास भरला, डोळ्यांतून पाणी आलं. कडक होती, जराशी जास्तच. आंच कमी करायला हवी होती.

"काय काका, लागली?" किरणने विचारलं.

"लागली," गुरुदास म्हणाला आणि कान देऊन बसला. पण नळी आता नुसतीच टिपकत होती.